दोघांचं बुकिंग

टेंपोतून उतरताना मनोजने आईला हात दिला. बापाकडे बघितलंसुद्धा नाही. "सकाळी येतो न्यायला," तो आईलाच म्हणाला आणि कानापर्यंत ओढलेली टोपी सारखी करत निघून गेला.

धाकलूला वाईट वाटलं. पोरगं पंधरा दिवस त्याच्याशी अवाक्षर बोललं नव्हतं. कर्जतच्या डॉक्टरकडे चला म्हणत होतं, धाकलू नाही म्हणाला, त्यावरून जुंपली होती हे खरं. पण म्हणून इतका अबोला?

दारातून आत पाऊल पडलं आणि तो राग विसरला.

कळंबच्या माळावर देवव्रत सरांनी पाहुण्यांना उतरायला हे जपानी घर बांधलं होतं. सर बारा वर्षं जपानात राहून आलेले. इथे बोअर मारताना ऊन पाणी लागलं, तसं त्यांनी तिकडच्यासारखी कुंडं बांधायची ठरवली आणि गवंडीकामाला धाकलूला बोलावलं. दोन वर्षं त्याने एकेक दगड घडवून बसवला. कुंडात पाणी सोडलं तेव्हा त्याचं काम संपलेलं होतं. तेव्हापासून त्याने एकच धोशा लावला होता, "एकदा तरी त्या पान्यात बसायचं हाय मला." बायको, विमलबाई, हसण्यावारी न्यायची. आणि आता तिनेच होऊन बुकिंग केलं होतं!

गावातलीच श्रद्धा इथे कामाला होती. तिने गुडघे टेकले आणि थेट चटईला कपाळ लावलं. धाकलू गांगरला. साठ वर्षं हातात छिन्नी धरली, पण असं कुणी त्याच्यापुढे वाकलं नव्हतं.

"दोघांचं ना, मावशी?"

"दोघांचं," विमलबाई म्हणाली.

श्रद्धाने मान वर केली नाही. तिकडची रीतच तशी असणार. तिने हिरव्या चहाचे दोन पेले ठेवले, कागदाचं दार सरकवलं, आणि मागचं कुंड दिसलं. काळ्या दगडांवरून वाफ वर चढत होती, वाफेपलीकडे माथेरानचा डोंगर होता. आपल्या हातून हे झालं? हे एवढं देखणं?

"पाण्यात उतरायच्या आधी अंगावरचे दागिने काढून ठेवा," श्रद्धा सवयीने बोलली आणि तिने जीभ चावली.

"काढाया काय नाय, पोरी," विमलबाई म्हणाली.

खरंच, तिचे हात मोकळे होते. परक्या ठिकाणी हरवायला नकोत म्हणून बांगड्यासुद्धा घरीच ठेवून आली होती. म्हातारीचा धोरणीपणा पाहून धाकलूला हसू आलं.

आंघोळीनंतर घालायला दोन निळे अंगरखे होते. "डावी बाजू वर घ्यायची, उजवी आत," श्रद्धाने शिकवलं. "उलटं घालत नाहीत."

"उलटं केलं तर काय व्हतं?"

श्रद्धा घुटमळली आणि विमलबाईच्या कानाशी लागून काहीतरी बोलली. विमलबाईने मान हलवली. मग तिने धाकलूचा अंगरखा चटईवर पसरला आणि उजवी बाजू वर घेऊन नीट पट्टा बांधून ठेवला.

"अगं, चुकलीस! आत्ताच सांगितलं ना तिनं?"

विमलबाईने ऐकलं नाही. ती कधी ऐकायची? चूक श्रद्धानेही पाहिली. पण ती आणखी खाली वाकली आणि निघून गेली.

धाकलू कुंडात उतरला. पाणी हललंसुद्धा नाही, काठावरून थेंब सांडला नाही. "बघ, काठ कसा पातळीत बसवलाय!" तो फुशारला. मागून विमलबाई उतरली आणि भसकन पाणी सांडलं. बाई अंगानं भरलेली होती खरी.

ऊब तळव्यातून गुडघ्यात चढली, गुडघ्यातून कमरेत, आणि साठ वर्षांचा शीण कुठल्या कुठे गेला. हे पाणी जमिनीच्या पोटातून येतं आणि आपण रचलेल्या दगडांत थांबतं, या विचाराने त्याने पाण्यालाच हात जोडले.

"बसलात ना?" विमलबाई डोंगराकडे बघत म्हणाली. "झालं ना मनासारखं? आता काय ठेवू नका मनात."

"काय नाय गं," धाकलू म्हणाला. "काय नाय ऱ्हायलं."

तिचे डोळे भरले होते. वाफेने असेल.

रात्रीच्या जेवणाला दोन ताटं आली, इवल्या इवल्या वाट्या, फुलासारखं कापलेलं गाजर. धाकलू नुसता बघत राहिला. मनच इतकं भरलं होतं की पोटाला काही नको होतं. जमिनीवर दोन गाद्या पडल्या. अशी झोप त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

सकाळी ताटं पुन्हा आली. विमलबाईने धाकलूच्या वाटीतला भात द्रोणात काढला आणि कुंडाच्या काठावर नेऊन ठेवला.

"अगं, माझा भात कुठं नेतेस?"

मनोज आला होता. काठाशी येऊन त्याने टोपी काढली. डोक्यावर नुकते खुंट फुटत होते.

"आई, दहाव्याला नदीवर दुपारपातुर थांबलो आमी," तो हळूच म्हणाला. "तू पान्यात बसवायचं कबूल केलंस तरी आला नाय. आता इथं काय येनार?"

"बघ तरी."

समोरच्या जांभळीवरून कावळा उतरला. दगडावर एकदाच थबकला आणि त्याने भाताला चोच लावली.

"शिवला रं," विमलबाई म्हणाली.