अकरा हॉलिस

"अकरा?" रोवेना हॉलिसला आधी खरंच वाटेना. "एवढ्याशा गावात अकरा हॉलिस?"

"आपल्या वेळी ते नुसतं आडनाव होतं. आता इथे पोरींचं नाव झालंय," मिस व्हर्ना म्हणाली. गावच्या इस्पितळात जन्माचे दाखले भरून घ्यायचं काम तिचं, वीस वर्षं त्याच टेबलाशी. "राज्याच्या लोकप्रिय नावांच्या यादीत शोधून सापडायचं नाही, आणि आमच्या गावात पहिल्या नंबरावर. बसा आधी. चेहरा बघा किती उतरलाय तुमचा."

रोवेना मटकन बसली. आईचं माहेरचं आडनाव पोराला नाव म्हणून लावायची रीत अलाबामात जुनीच. तिनंही तीच धरली होती. सतराव्या वर्षी, लग्नाआधी झालेली लेक वकिलामार्फत दत्तक दिली, तेव्हा तिनं एवढंच मागितलं: नाव माझं आडनाव ठेवा. दुपट्यात एक चिठ्ठी खोचली. 'हॉलिस म्हणजे ज्या घराचं दार कधी बंद होत नाही, ते घर.' नावांच्या पुस्तकात अर्थ वेगळाच आहे, हॉलीच्या झाडांपाशी राहणारे. हा अर्थ तिच्या आजोबांनी आपल्या मनानं रचलेला, घराबाहेर कुणाला ठाऊक नसलेला. असलं नाव लाखात एखादीचं असेल, शोधायची वेळ आलीच तर चटकन सापडेल, असं तेव्हा त्या खुळ्या पोरीला वाटलं होतं.

वेळ आली ती अशी. हातापाया पडून विनवल्यावर वकिलाच्या जुन्या कारकून बाईनं गावाचं नाव तेवढं सांगितलं, आणि गावात बघावं तर अकरा!

"परत न्यायला आलात होय तिला?" व्हर्नानं कागदावरून मान वर न करता विचारलं.

"कसलं परत न्यायचं, बाई! अठराची झाली असेल आता. माझा क्लेटन गेला हो ऑगस्टात. फुटबॉलच्या सरावात पळता पळता कोसळला. सतरा वर्षांचा पोर माझा! डॉक्टर म्हणाले, हृदयाचा स्नायू जाड झाला होता, घराण्यातच आहे हे. बहिणीलाही असेल कदाचित. तिला कुणी सांगायला नको का? ती मला आई म्हणाली नाही तरी चालेल. जगली पाहिजे फक्त."

व्हर्नाचं पेन थांबलं. मग तिनं टेबलावरची फोटोची चौकट पालथी घातली आणि तिथे रोवेनासाठी कॉफीचा कप ठेवला.

"तपासणी कसली करायची म्हणालात?"

"इको. हृदयाची सोनोग्राफीच म्हणा."

"आणि चांगला डॉक्टर कुठे?"

रोवेनानं सांगितलं. व्हर्नानं एका चिठोऱ्यावर लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. "कुठे गाठ पडलीच तर सांगता येईल," ती म्हणाली. मग त्या वयाच्या अकराही हॉलिसच्या घरांचे पत्ते तिनं तोंडपाठ लिहून दिले. "दफ्तर दाखवता येत नाही मला. पण गावाला काय, सगळंच माहीत असतं."

देवमाणूस, रोवेनाच्या मनात आलं. डोळे पुसत ती बाहेर पडली.

दोन दिवस ती दारोदार हिंडली. कुणी पाव आणि मध पुढे केला, कुणी दारातूनच फुटवलं. "आमची हॉलिस माझ्या पोटची आहे, कळलं? नऊ महिने तुम्ही वागवलंत की मी?" एका बाईनं तोंडावर विचारलं. रोवेना माफी मागून पुढच्या घरी गेली. दहा नावांवर काट बसली. आता एकच उरलं होतं.

अकराव्या घरच्या मिसेस गॅन्टनं गार गोड चहा दिला. तिची हॉलिस ओसरीच्या पायरीवर नखं रंगवत बसली होती. थेट मिसेस गॅन्टचं नाक, तिचीच हनुवटी. विचारायचीही गरज नव्हती.

"छान नाव ठेवलंत," रोवेना कसंबसं म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"मी कुठलं ठेवतेय! मला ब्रँडी ठेवायचं होतं. पण त्या दाखल्याच्या मिस व्हर्ना आहेत ना, त्यांनी अशी गळ घातली म्हणून सांगू! ज्या बाईनं बाळाचं नाव ठरवलेलं नसेल, तिला त्या हेच सुचवतात. माझ्या वेळेपासून चालू आहे त्यांचं हे वेड. अर्थच इतका गोड सांगतात, नाही म्हणवत नाही."

"हॉलीच्या झाडांपाशी..."

"छे हो! ज्या घराचं दार कधी बंद होत नाही, ते घर."

रोवेनानं चहा तसाच ठेवला. निरोपही न घेता ती गाडीत बसली. गाडी तडक इस्पितळाकडे वळवली.

इस्पितळात व्हर्नाचा दरवाजा बंद होता. रोवेनानं तो दोन्ही हातांनी बडवला. टेबल काचेतून दिसत होतं. पालथी चौकट तिथे नव्हती.

"कशाला दार तोडताय, बाई?" म्हातारा पहारेकरी ओटिस आला. "नाहीत त्या. परवा तुम्ही गेलात आणि त्या तशाच उठल्या. वीस वर्षांत एक रजा घेतली नव्हती बाईनं! घराला कुलूप घातलं आणि पोरीला घेऊन बर्मिंगहॅमला गेल्या. हृदयाचा इको काढायचाय म्हणे तिच्या."