दसऱ्याचे टायर

“बाय, टायरवरचा आकडा वाचू नको. टायर कुणीही बदलतो. दाराच्या चौकटीवर लिहिलंय, तेच गाडीचं खरं माप.” मी दहा वर्षांची असताना आप्पा सांगायचे.

आज त्यांची जुनी सेडान विकण्याआधी टायर बदलायला आणली होती. टायरच्या दुकानातल्या मुकादमचाचांनी दार उघडून चौकट पुसली आणि कपाळाला हात लावला. “एकशे पंच्याहत्तर रुंदीच्या जागी दोनशे पाच? कुठल्या शहाण्याने बसवले? स्टिअरिंग पूर्ण वळवलं की आत घासणारच. हे बघा चरे!”

गेल्या दसऱ्याला ते रुंद टायर मीच आणले होते, गाडी रुबाबदार दिसावी म्हणून. लेकीने आणलेत म्हटल्यावर आप्पांनी आकडा पाहिलाच नाही. हरखून झेंडू वाहिला. आठवड्याने घाटातल्या वळणावर चाक अडलं, गाडी कठड्यावर आदळली. आईचा हात मोडला. “म्हाताऱ्याची नजर गेली,” सगळे म्हणाले. आप्पांनी किल्ली ठेवली ती ठेवलीच. चाळीस वर्षं घाट उतरलेला माणूस दुसऱ्यांच्या गाडीत पाहुण्यासारखा अंग चोरून बसू लागला.

“असू दे हो चाचा,” बाजूच्या सीटवरून आप्पा हसत म्हणाले, “माझेच डोळे फुटले होते. टायरला कशाला बोल?”

मी त्यांच्या दाराशी उकिडवी बसले. त्यांचा हात धरला.

“आप्पा, तुमची नजर चुकली नव्हती. मी आणलेले टायर अडले होते. गॅरेजवाल्याने मला अपघाताच्याच संध्याकाळी दाखवलं होतं.”