पंचनाम्यातलं घर

“साहेब, तुम्ही माझ्या घरी आलाच नाहीत. पंचनामा चौकीत बसून लिहिलात,” सुगंधा भर कोर्टात फौजदाराला म्हणाली.

“बाई, भाषण नको. साक्षीदाराला प्रश्न विचारा,” न्यायाधीश म्हणाले.

फुकटचा वकील याही तारखेला उगवला नव्हता, म्हणून ती स्वतःच उभी राहिली होती. ज्या बंगल्यात ती नऊ वर्षं पोळ्या लाटत होती, तिथल्या सोन्याच्या पाटल्या तिच्या घरी पिठाच्या डब्यात सापडल्या, असा आरोप होता. साधी चोरी असती तर तीन वर्षं. मालकाच्या घरी नोकराने केलेली, म्हणून सातपर्यंत.

साक्षीला उभा असलेला पंच म्हणजे चौकीसमोरचा पानवाला. गुडघे गेलेले, हातात काठी.

“काका, माझ्या घरात कसे शिरलात?”

“कसा म्हणजे? दारातून. उंबऱ्याशी चपला काढल्या नि साहेबांच्या मागोमाग आत गेलो.”

“शिडी कोणी धरली होती?”

“कसली शिडी?”

“माझी खोली दुसऱ्याच्या घरावर आहे, काका. भिंतीला उभी लोखंडी शिडी, चौदा पायऱ्या. मांजरसुद्धा विचार करून चढतं.”

कोर्ट हसलं. तिने खोलीचा फोटो पुढे केला. सरकारी वकिलांनी तो पाहिला आणि ते खाली बसले.

पुढच्या आठवड्यात ती निर्दोष सुटली. पेढे वाटायच्या आधी तिने फौजदाराला कोर्टाच्या जिन्यातच गाठलं.

“पाटल्या माझ्या डब्यात नव्हत्याच ना, साहेब? मग तुमच्या हाती कुठून आल्या? सांगा, त्याशिवाय मी हलत नाही.”