दीपिकाचा नंबर

"आला का जी नंबर, गुरुजी?" बुधरीबाईंनी दारातूनच विचारलं. मागे दीपिका उभी होती. तिला ऐकू येत नसे, बोलता येत नसे. पण गुरुजी दिसले की ती हसायची.

देवराव गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. निवृत्तीनंतर ते गोंडपिपरीत आधार केंद्र चालवत. नंबर नाही तर लेकीला दिव्यांगाचा दाखला नाही, हे बाईंना ठाऊक होतं. आता निकाल सांगायचा कसा?

"बसा. आधी समजून घ्या," ते वर्गात बोलावं तसं म्हणाले. "बारा आकडे असतात. पहिला कधी शून्य नाई, एक नाई. शेवटचा राखणदार. आधीच्या अकरात एक जरी चुकला, तर तो पकडते."

"त्यात गाव असते का जी?"

"नाई. गाव, जात, वय, काहीच नाई. मोहाचं फूल कोनाच्या टोपलीत पडन, हे झाड ठरवते का? तसा नंबर पडते."

"मायबापाचं नाव?"

"तेही नाई."

बाईंचा चेहरा उतरला. आपलं शिकवणं डोक्यावरून जातंय, असं गुरुजींना वाटलं.

"पन एका मानसाले एकच नंबर. म्हणून बोटं, डोळे साऱ्या देशाशी ताडून पाहतात. तिथंच अडलं, बाई. अर्ज नाकारला. हिले नंबर पहिलेच भेटला आहे म्हणे. आठवा बरं, लहानपनी नेलं असन कुठी."

"मी नाई नेलं."

"मंग हिच्या मामानं?"

"नाई जी." बाईंनी दीपिकाच्या बोटांकडे पाहिलं. "म्हणजे कोनीतरी हिचा हात धरून मशीनीवर ठेवला होता?"

"हो."

"नाव-पत्ता सांगून?"

"हो ना. मोठ्या केंद्रात बोटं टेकवली का जुनं सारं निघते. तुमी काऊन घाबरता? चूक असन तर दुरुस्त होते."

बुधरीबाईंनी दीपिकाला जवळ ओढलं. तिची सैल झालेली वेणी सोडली आणि पुन्हा घातली, सावकाश, अगदी शेवटच्या पेडापर्यंत.

"चूक नाई, गुरुजी," त्या म्हणाल्या. "मार्कंड्याच्या जत्रेत सापडली मले ही. तवापासून हिची माय शोधून राह्यली मी."