आरशाची मागची बाजू

आईला एकदा परदेश दाखवायचाच, असं म्हणत मुलगा आणि सून तिला हौसेने घेऊन आले होते. आजचा दिवस निवांत होता, म्हणून तिघं आधुनिक कलेच्या संग्रहालयात गेले. तासाभरात आई दमली. "तू बस इथे, आम्ही ती आरशांची खोली बघून येतो," असं म्हणून दोघं कोपऱ्यावरून वळले.

आईचा बाक नेमका त्याच खोलीच्या मागे होता. आतून चहूकडे आरसे, पण बाहेरून नुसती काच. आतलं सगळं दिसत होतं, स्पीकरवर बोलणंही ऐकू येत होतं. दोघं आत आलेले पाहून आईने खुशीत हात हलवला.

सुनेने कंबरेवर हात ठेवला, तोंड वाकडं केलं आणि सासूबाई कशा फेंगडत चालतात ते करून दाखवलं. काचेभोवती जमलेली परकी माणसं हसली. आईचा हात वरच राहिला. मुलगा आता बायकोला दोन शब्द सुनावेल, म्हणून ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मुलगा हसू आवरत पुढे झाला. "छे, तुला नाही जमत. सरक, मी दाखवतो."