दगडावरच्या तीन टोप्या

गोदूबाईने मिठाची तिसरी मूठ भुरभुरली, तरी दगडावरची टोपी जागची हलेना.

भाताच्या आवणात पायाला जळू चिकटली की मीठ. परड्यात गोगलगाय दिसली की मीठ. भिसेगावात याहून निराळं औषध कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गोदूबाईला तर त्याची गरजही पडली नव्हती. पण काचेच्या पेटीतल्या या दगडावर, पाण्याबाहेर आलेल्या टोकाला, शंखाच्या दोन बारक्या टोप्या बसल्या होत्या त्या बसल्याच होत्या.

"जयवंते! ये गं इकडं. तुझे पाव्हणे बघ."

सून पदराला हात पुशीत आली. लग्नाला चार महिने झाले होते. थळच्या समुद्रकाठची पोर. परवा माहेराहून परतली, ती खाऱ्या पाण्याच्या डब्यात हा दगड घेऊन. नवरा गजा मुंबईला मत्स्यालयात कामाला, रोज गाडीने जाऊन-येऊन; घरीही समुद्राच्या पाण्याची पेटी बाळगून होता. त्याला तेवढीच भेट. दगडाला चिकटून हे टोपीवाले बिनतिकिटाचे आले होते.

"आले ते आले, माझ्या फुलाला खायला लागले. सकाळधरनं मिटलंय बघ."

पेटीच्या तळाशी एक जिवंत फूल होतं. समुद्रातलं, बोटं हलवणारं, जवळा खाणारं. पेटी घरात आली तेव्हा 'कौलांतनं गळतंय तेवढं पानी पुरत नाय का रं?' म्हणून गोदूबाईने गजाला उभा सोलला होता. आता रोज त्या फुलाला जवळा तीच भरवी, आणि कुणी पाहिलं की काच पुसत असल्याचं दाखवी.

"आत्याबाय, हे पांढरं काय?"

"मीठ."

जयवंताने ओठ दाबून धरले, तर हसू नाकातून आलं. "खाऱ्या पान्यातल्याला मीठ? आवो, त्यांचा सणच झाला की!"

"दात काढू नको. दगड उचल आनि नदीवर टाकून ये."

हसू गेलं. दगड बापाने ओहोटीला गुडघाभर पाण्यात जाऊन तिच्यासाठी स्वतः निवडला होता.

"जरा थांबा, आत्याबाय. आधी टोपी बघायची. शेंड्याला भोक नसंल तर तो शेवाळ खातो, कुनाच्या वाटंला जात नाय. भोक असंल तर तो मऊ जिवाला कुरतडतो. आमच्याकडं पोरंसोरं पन ओळखतात."

"डोक्यावरनं पारख व्हते व्हय? मग तुझ्यासाठी थळला तीन खेपा कशाला घातल्या मी?"

जयवंता वाकली. पहिल्याला भोक नव्हतं. दुसऱ्यालाही नव्हतं; त्याच्या मागे हिरव्या शेवाळात केर काढल्यासारखी स्वच्छ वाट उमटली होती.

"बघा. झाडलोट करतोय बिचारा."

"बरं," गोदूबाई म्हणाली. त्या एका 'बरं'वर दगड घरात राहिला. ती गुडघ्यावर हात टेकून उठायलाही लागली.

तेवढ्यात जयवंताला तिसरा दिसला. दगडाच्या मागच्या अंगाला, पाण्याखाली, फुलापासून बोटभर अंतरावर. टोपीच्या शेंड्याला तिळाएवढं भोक. सासूच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. तिला ते आजही दिसलं नसतं आणि उद्याही.

जयवंताने काचेला बोट टेकवलं. "आत्याबाय, अजून एक हाय. भोकाचा."

गोदूबाई पुन्हा खाली बसली. तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"मला दिसला नसता."

"फुलाला कळला असता."

"मग बघतेस काय? काढ."

"एका झटक्यात काढायला लागंल. त्याला एकदा का चाहूल लागली, की दगड फुटंल पन तो सुटायचा नाय. तुमी जरा गप बसा. आपसूक कड उचलंल."

गोदूबाईला गप बस म्हणणारी माणसं आजवर दोनच झाली होती, आणि दोघंही आता हयात नव्हती. ती गप बसली. चुलीवर भात बुडाशी लागल्याचा वास आला, तरी बसली. दोघी काचेला नाक लावून बघत राहिल्या.

टोपीची कड तांदळाच्या दाण्याएवढी उचलली. जयवंताने उलथन्याचं टोक आडवं सारलं. टुप्. टोपी तिच्या तळहातावर उताणी.

"टाकते नदीवर."

"येडी का खुळी गं तू? गोड्या पान्यात जगंल का तो? लोनच्याची रिकामी बरनी घे. पेटीतलंच पानी घाल." आणि बरणीत पाणी पडल्यावर गोदूबाईने चिमूटभर जवळा त्यात सोडला. "मांसावरचा हाय ना? मग उपाशी कशाला ठेवायचा?"

संध्याकाळी गजा आला. फुलाने दोन बोटं बाहेर काढली होती. त्याने रोजच्यासारखी काचेची नळी पेटीत सोडली. ती किती वर तरंगते त्यावरून पाण्याचा खारटपणा कळायचा. नळी पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"आज पानी एवढं खारट कसं झालं?"

गोदूबाई लसूण सोलत होती. सोलतच राहिली.

"दगड नवा हाय न," जयवंता म्हणाली. "त्याचं मीठ उतरलं असंल."

"दगडाला मीठ असतं?"

"थळच्या असतं."

गोदूबाई उठली. तिने ती बरणी उचलली आणि कोनाड्यात आपल्या मिश्रीच्या डबीशेजारी नेऊन ठेवली. त्या कोनाड्यात आजवर तिने कुणाला काडेपेटीसुद्धा ठेवू दिली नव्हती.