सर्वांनी माईक बंद ठेवा

तान्ह्या जेनीला झोळीत टाकून रूथने लॅपटॉप पत्र्याच्या पेटीवर ठेवला आणि कॅमेरा बंद केला. कॅमेरे सगळ्यांचेच बंद होते. पडद्यावर नुसते काळे चौकोन आणि त्यांत नावं. जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातले विज्ञानाचे शिक्षक.

हजेरीच्या वेळी सूर्यभान सर "उपस्थित हाय!" असं पहिलीतल्या पोरासारखे ओरडले. जामखेडकडचे, निवृत्तीला टेकलेले सर. दर शनिवारी असंच ओरडायचे. कुणीतरी हसलं, मग एकेक करून माईक बंद झाले.

पडद्यावर पाण्याची ताटली आली. ताटलीत पेटलेली मेणबत्ती. दोन हातांनी तिच्यावर काचेचा ग्लास उपडा घातला. ज्योत विझली आणि पाणी ग्लासात चढलं. हातांचा धनी दिसत नव्हता, आवाज मात्र मोकळा, ताजा.

"आपण मुलांना काय सांगतो? ऑक्सिजन संपला, म्हणून पाणी चढलं. मीसुद्धा हेच सांगत आले. पण बघा हं, पाणी नक्की कधी चढतंय?"

रूथने झोळीला झोका दिला. जेनीचं कपाळ सकाळपासून कोमट होतं, आता चटका बसत होता. रात्र अशीच गेली होती, त्याच्या आधलीही. नवरा, जोसेफ, नगरला एमआयडीसीत, दुपारपाळीला. रूथचा घसा बसलेला; अंगाई म्हणायला गेलं तरी फुंकर बाहेर पडत होती.

पण आजचं सत्र मोडून चालणार नव्हतं. नियमच तसा. सत्र पुरं व्हायला हवं, शेवटची हजेरीही व्हायला हवी. मध्येच तुटलं तर सगळं पुन्हा नाताळच्या सुट्टीत. आणि नाताळात रूथला राहुरीला जायचं होतं. आईचं एक अंग गेलेलं, ती इथे श्रीगोंद्याला येऊ शकत नव्हती. नात तिने फक्त फोनवर बघितली होती. "माझ्या चांगल्या हातावर एकदा दे गं तिला," एवढंच ती दर रविवारी म्हणायची.

शेजारच्या राहीबाई वाटीभर मऊ भात घेऊन आत आल्या.

"पोरगी का किरकिरती?" त्यांनी झोळीत हात घातला. "अगं बया! ताप हाय की हिला. दवाखान्यात न्हे आधी."

"हे संपलं की नेते, काकू."

"संपायची वाट बघ तू. डॉक्टर दोनला कुलूप लावतो. उद्या आईतवार."

रूथने झोळीची दोरी पुन्हा ओढली. राहीबाई पदराने वारा घालत पडद्याकडे बघत राहिल्या.

"कोन गं ही?"

"विज्ञानाच्या मॅडम."

"लई गोड बोलती. हात बघ कसं हायेत, भांड्याला लागल्यालं दिसत न्हाईत. हिला लेकरंबाळं न्हाईत, तुला सांगते."

"झोप पुरी झालेली वाटते," रूथ म्हणाली.

राहीबाई खदखदून हसल्या. भात झाकून, "दोनच्या आत निघ," असं दटावून त्या शेळीला पाणी दाखवायला गेल्या.

"ज्योतीमुळे हवा तापते, पसरते, कडेने थोडी निसटते," आवाज सांगत होता. "ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. समजलं ना सगळ्यांना?"

नेहमीप्रमाणे कुणीच बोललं नाही.

"छान!" आवाज म्हणाला.

जेनीने भाताचा पहिला घास आत घेतला आणि दुधासकट सगळं रूथच्या खांद्यावर ओकली. रूथने तिचं तोंड पुसलं, झबलं बदललं, तिला पुन्हा झोळीत ठेवलं आणि औषधाचं पाणी कालवायला वळली. पोर आता रडून रडून दमली होती. कण्हत होती, मध्येच एक किंकाळी.

"गप गं माझी बाय," रूथ घोगऱ्या आवाजात पुटपुटत होती. "थोडंच राहिलंय. मग जाऊ. मग आजीकडं पण जाऊ. थांब ना गं थोडं. आईसाठी."

पडद्याच्या कोपऱ्यात चॅटचा आकडा भराभर वाढत होता. रूथने तिकडे बघितलं नाही. कुणीतरी फुलांची चित्रं टाकत असेल.

चमचा ओठांशी नेला तर जेनीने तोंडच उघडलं नाही. डोळे अर्धे मिटलेले. रूथने तिला उचलून छातीशी धरलं. आता थांबायचं नव्हतं. नाताळ गेला तर गेला, आई समजून घेईल. तिने एका हाताने पर्स ओढली, पायात चपला सरकवल्या आणि लॅपटॉप मिटायला वाकली.

"आता हाच प्रयोग दोन मेणबत्त्या घेऊन करू," आवाज उत्साहाने म्हणाला.

तेवढ्यात एका काळ्या चौकोनाभोवती पिवळी रेघ उमटली. कुणाचातरी माईक चालू झाला होता. आत एक खोकला, मग सूर्यभान सर. या वेळी ओरडत नव्हते. शेजारी मूल निजलं असावं तसे हळू बोलत होते.

"रूथ मॅडम, बंद करू नका. तुमचं हे मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग चालूच ऱ्हाऊ द्या. तुमचा माईक उघडा राहिलाय, लेकरू पहिल्यापासून ऐकू येतंय आमाला. तुमी दवाखान्यात जावा, शेवटची हजेरी मी घेतो, आमी समदे बसतो वर्गात."